भांगाचं पाणी

बेलापूरच्या आमच्या लॅबमध्ये
सेंट्रिफ्यूज दहा मिनिटं फिरतं.
तेवढी दहा मिनिटं माझी.
बाकीचा दिवस उपाशीपोटी आलेल्यांचा,
ज्यांना शीर सापडेपर्यंत
सुनेची तक्रार सांगायची असते.

दिवाळे गावातल्या वाचनालयाबाहेर एक फळा आहे.
त्यावर दर पंधरवड्याला एक पान लावीन
असं मी कबूल केलं, कुणी मागितलं नसताना:
खाडीकाठचे शब्द, आणि ते अजून बोलणारी माणसं.
पहिली तीन पानं वेळेवर गेली.
चौथ्याच्या जागी दीड महिना
पाणीपट्टीची नोटीस होती.

मग मी वेळापत्रक केलं.
चार रंगांची पेनं, फूटपट्टी,
पहाटे पाच ते सहा हिरव्या रंगात.
सुंदर झालं होतं.
रविवार त्यातच गेला.
सोमवारी पाचला उठले
आणि तासभर त्या हिरव्या चौकोनाकडे
बघत बसले.
सहाला शर्विल उठला, म्हणाला, आई, डब्याला काय?

काथोडमामांकडे शब्द विचारायला गेले,
तेव्हा हेच रडगाणं सांगितलं.
अष्टमी होती. जेट्टीला होड्या बांधलेल्या,
मामा मांडीवर जाळं घेऊन.
आज गेला नाहीत?
"आज भांग हाय. पान्याला ओढ नाय.
डोल लावली तरी नुसती लोंबकलंल."
मग वैताग नाही येत?
मामांनी दातांनी दोरा तोडला.
"फाटलेलं कवा शिवू मंग?
उधानाला मासली, भांगाला सुई.
भांगान मारायला जानारा
नि उधानान शिवत बसनारा,
दोगं पन उपाशी."

घरी येऊन वेळापत्रकाच्या पाठीवर
दुधाचा हिशोब लिहिला.

आता माझ्याकडे दोनच प्रकारचं पाणी.
एक, शनिवारची दुपार.
शर्विल अ‍ॅबॅकसला, हे डेपोत, सासूबाई झोपलेल्या.
दोन तास, कधी सव्वादोन.
मोबाइल तांदळाच्या डब्यात
आणि पान पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत
एका ओढीत, वाईट तर वाईट.
थांबून शुद्धलेखन बघायचं नाही.
उधाणात कुणी गाठी मोजत नाही.

बाकी सगळा भांग.
सेंट्रिफ्यूजची दहा मिनिटं,
कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिटीमधलं अंतर,
शाळेच्या फाटकाबाहेरचं उभं राहणं.
त्यात नवीन काही धरायला जात नाही.
बाद फॉर्मच्या पाठीवर
एखादं फुगलेलं विशेषण उसवते.
चिवणीचा काटा नेमका कुठे लागतो
ते सासूबाईंना विचारून टिपून ठेवते.
एवढंच. पण शनिवारी
जाळं फाटकं निघत नाही.

मामा म्हणतात, आस रुंद ठेव,
बारकी पिल्लं जाऊ दे.
गावाचा सगळा इतिहास लिहिणार होते मी,
होड्यांची नावं, सुक्या बोंबलाच्या सात कृती.
जाऊ दिलं.
एका पानात एकच शब्द
आणि तो बोलणारं एक तोंड.
मागच्या खेपेला तेही जमलं नाही:
शनिवारी नणंद आली, भजी झाली,
नेरूळच्या फ्लॅटचे भाव झाले,
उधाण डोळ्यांदेखत उतरून गेलं.
फळ्यावर रक्तदान शिबिराचा कागद लागला.
मी दोन दिवस नणंदेवर, मग स्वतःवर चिडले,
मग भांग लागला, सुई काढली.

एक गोष्ट मामांनी सांगितली नाही,
मीच पाहिली.
उठताना ते सुई डबीत ठेवत नाहीत.
अर्ध्या गाठीवर, जाळ्यातच अडकवतात.
दुसऱ्या दिवशी हात शोधत नाही,
तिथेच जातो.

मशीनचा आवाज उतरतोय.
नळ्यांमध्ये वर पिवळं, खाली लाल साकळलेलं.
बाहेर सतरा नंबर खोकतोय,
त्याला सकाळपासून चहा नाही.
आज लिहिलं:
निवटी चिखलातच राहते, पण तिचे डोळे

असू दे. सुई इथेच.